‘बायोले काय लागस!’

आज यावलकडे नात्यातल्यांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झालेली, मुसळीने ठेचणं चाललेलं, पुऱ्या कढईतून उतरत होत्या. तेवढ्यात एका पाहुण्यांनी आपल्या पोरीची ओळख करून दिली, “हिला गणित काही जमेना, म्हणून बी ग्रुप, गणिताऐवजी बायोचा, देऊन टाकला. बायोले काय लागस, पाठ करं का जायं!” म्हणजे, बायोला काय लागतं, पाठ केलं की झालं. सगळी पंगत हसली. पोरगीसुद्धा हसली, बिचारी. मी गेली कित्येक वर्षं नंदुरबार जिल्ह्यात अकरावी-बारावीला बायो, म्हणजे जीवशास्त्र, शिकवते, हे त्यांना पक्कं माहीत आहे. तरीही हे माझ्या तोंडावर. यजमानांचं घर म्हणून गप्प बसले. इथे नाही बसणार.

डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा म्हणजे नीट. तिचा पेपर ७२० मार्कांचा, त्यात ३६० बायोचे. १८० प्रश्नांतले ९० आमचे. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून जेवढे, तेवढे एकट्या बायोचे. पण घराघरात हिशेब काय? फिजिक्सला वेगळा क्लास, केमिस्ट्रीला वेगळा क्लास आणि बायो “घरीच वाचेल ती.” शंभर वेळा ऐकलंय. फिजिक्सच्या सरांपुढे हेच पालक हात जोडून उभे असतात, आणि मला विचारतात, “मॅडम, इम्पॉर्टंट काढून देता का?”

मला दरवेळी एक पोरगी आठवते. धडगावकडची, घरी पावरी बोलणारी, दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली. आनुवंशिकतेचा धडा चालू होता. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्याचं उदाहरण मी फळ्यावर मांडलं. आई वाहक, बाप वाहक, म्हणजे दोघांकडे बिघडलेलं जनुक एकेकच, स्वतःला आजार नाही. मुलांमध्ये एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी, असं प्रमाण. मूल आजारी असण्याची शक्यता किती? वर्ग एका सुरात म्हणाला, पंचवीस टक्के. ही उभी राहिली. “मॅडम, हे खोटं आहे. आम्ही तीन भावंडं आहोत. दोघांना आहे.”

दोन-चार पोरं हसली. उत्तर पुस्तकात छापलेलं आहे आणि ही म्हणते खोटं!

आता सांगा, यात पाठांतर कुठे कामाला येतं? पाठ केलेलं तर सगळ्या वर्गाला होतं. सिकलसेलमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर, जीएजीचं जीयूजी, झोपेतून उठवलं तरी म्हणतील. पण पंचवीस टक्के म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न एकीलाच पडला. कारण तिच्या घरात तो रोज रात्री सांधे धरून कण्हत होता.

बरं, पाठांतर लागतंच, ते मी नाकारत नाही. प्राण्यांचे संघ, वनस्पतींची कुळं, क्रेब्स चक्रातली एन्झाइम्स ही मनन-चिंतनाने येत नाहीत, घोकावीच लागतात. आणि एनसीईआरटी ओळ न ओळ वाचल्याशिवाय नीटमध्ये निभाव लागत नाही, हेही मीच पोरांना सांगते. झालं समाधान?

पण बीटीचा धडा घ्या, अळी मारणारं जिवाणूचं जनुक पिकात घालतात तो. क्रायवनएसी आणि क्रायटूएबी ही जनुकं कपाशीच्या बोंडअळ्यांवर चालतात, क्रायवनएबी मक्याच्या खोडकिड्यावर. ‘जोड्या लावा’च्या प्रश्नात येतं म्हणून पोरं पाठ करतात. मग एखादा कपाशीवाल्याचा पोरगा विचारतो, “मॅडम, बियाणं बीटीचं आहे, तरी आमच्या बोंडात गुलाबी अळी कशी?” तिथून पुढे प्रतिकारशक्ती, नैसर्गिक निवड, उत्क्रांतीचा अख्खा धडा उघडतो. हा प्रश्न क्लासच्या छापील नोट्समध्ये कधी येत नाही. आला तर पोर्शन मागे पडेल ना! केळीचं तेच. फलनाशिवाय तयार होणारं फळ म्हणून पुस्तकात केळीचं नाव आहे. रावेर-यावलच्या पोरांनी जन्मभर केळी खाल्ली, कंद लावताना बघितले. बी न पेरता बाग कशी उभी राहते, हे त्यांना कोणी विचारतच नाही. पार्थेनोकार्पी लिहा, चार मार्क घ्या, पुढे चला.

आणि त्या टाय-अपवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. बोलतेच. कॉलेजात नुसतं नाव, पोरगं दिवसभर क्लासमध्ये. बोर्डाच्या बायोला ७० मार्क लेखी, ३० प्रात्यक्षिक. त्या तिसाचं काय होतं सगळ्यांना माहीत आहे. कांद्याची साल सोलून कधी सूक्ष्मदर्शकाखाली धरली नाही, अशी पोरं डॉक्टर व्हायला निघालीत. सूक्ष्मदर्शक कपाटात, किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. आणि आईबाप लाखांची फी भरून पोरगं लातूरला, कोट्याला पाठवतात, शेत गहाण ठेवून. त्यांना मी नावं ठेवत नाही. जिल्ह्याच्या गावात धड शिकवणारा मिळाला असता, तर कोणी कशाला पाठवलं असतं लेकरू एवढ्या लांब.

त्या पोरीचं राहिलंच. मी तिला दोन नाणी दिली. एक आईचं, एक बापाचं. छापा म्हणजे बिघडलेलं जनुक. दोन्ही छापा पडले तर मूल आजारी. म्हटलं, उडव. काटा-छापा, मग छापा-छापा, लगेच पुन्हा छापा-छापा. वर्ग गप्प. “नाण्याला मागचं काही आठवत नसतं,” एवढंच मी बोलले. प्रत्येक मुलाच्या वेळी डाव नव्याने पडतो. पहिलं आजारी निघालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. चार मुलांत एक हा हिशेब हजारो घरांचा मिळून जुळतो, एका घरात तो कसाही पडू शकतो. ती खाली बसली आणि तास संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. घराची पेडिग्री, म्हणजे आजार कोणाकोणात उतरला ते दाखवणारी वंशावळ, काढलेली. भावाचा चौकोन आणि बहिणीचा गोल बॉलपेनने इतका गिरवलेला की कागद मागून फुगला होता. स्वतःचा गोल आधी रिकामा, मग वाहकाचा म्हणून अर्धा भरलेला, मग खोडलेला. म्हणाली, “मॅडम, मी आजारी नाही, हे तर दिसतंच आहे. म्हणजे चारातली एक शक्यता गेली. उरल्या तीन. त्यातल्या दोन वाहकाच्या. म्हणजे मी वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश ना?”

हाच प्रश्न मी दरवर्षी सराव परीक्षेत घालते. एक चतुर्थांश, अर्धा, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश असे पर्याय. निम्मी पोरं ‘अर्धा’वर टिक करतात. का, तर एकास दोनास एक पाठ आहे! चार मार्क गेले, वर एक कापला. हिने कोणत्याही क्लासविना, रात्री होस्टेलच्या खाटेवर बसून, स्वतःच्या घरावरून तो सोडवला होता. पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन तिने तपासणी करून घेतली. रिपोर्ट काय आला ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण नंतर विचारलेला प्रश्न सांगते: “एवढा वाईट आजार, मग आमच्यातून नाहीसा का नाही झाला?” मग सातपुड्यातला मलेरिया आला, वाहकांना गंभीर मलेरियापासून मिळणारं संरक्षण आलं, आणि दोन वेगवेगळे धडे त्या दिवशी एका फळ्यावर बसले. गणित जमत नाही म्हणून घ्यायचा विषय म्हणे. अहो, पेडिग्री हे गणित नाही तर काय आहे?

आता राग थोडा उतरलाय. त्या पोरीसाठी लिहिते, आज पंगतीत हसलेल्या. पोरी, तुझे बाबा वाईट नाहीत, त्यांना कोणी धड बायो शिकवलं नसेल. नीटची परीक्षा मराठीतून देता येते, पण आपली अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत, म्हणून सुरुवातीचे महिने जड जातील. रडू येईल, येऊ दे. एक धडा वाचला की पुस्तक मिटून तोच आजीला अहिराणीत सांगून बघ. जिथे अडखळशील तिथे पाठ झालंय, समजलेलं नाही. तेवढाच भाग पुन्हा वाच. आणि नाहीच लागला नंबर, तर सीईटी आहे, फार्मसी आहे, ॲग्री आहे. पण ‘सोपा विषय घेतला’ असं स्वतःबद्दल बोलू नको. दुसरं कोणी बोललं तर माझा नंबर दे.

माझ्या बारावीच्या पोरांनो, उद्या सकाळी साडेसातला फक्त पेडिग्री. सगळ्यांनी आपापल्या घराची काढून आणायची. रंगांधळेपणा, रक्तगट, कानाची पाळी, काहीही चालेल. मोबाईलवरून उतरवलेली दिसली तर वर्गाबाहेर.