चार्ज दिला, चार्जेस कापले, चार्जिंग संपले

मागच्या महिन्यात निवृत्त होताना मी शाळेचा ‘चार्ज दिला’, म्हणजे किल्ल्या, शिक्के आणि जडवस्तू संग्रह नोंदवही नव्या बाईंच्या स्वाधीन केली. त्याच संध्याकाळी बँकेने कसलेसे ‘चार्जेस’ कापल्याचा संदेश आला आणि तो वाचून होण्याआधीच मोबाईलचे ‘चार्जिंग’ संपले. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच शब्द चालतो; मराठी माणसाने मात्र कोणी न शिकवता अर्थागणिक त्याची रूपे वेगळी केली आहेत. चार्ज घेतला जातो, चार्जेस लागतात आणि चार्जिंग उतरते. शुद्धतेच्या आग्रहापोटी या शब्दांना नाके मुरडणाऱ्यांना ही सोय दिसत नाही, असे माझे मत आहे.

या शब्दाच्या मुळाशी ओझे आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर माल लादणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि ते जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. ‘कार’ आणि ‘कार्गो’ हे शब्दही त्याच घरचे. हे ओझे माणसाच्या शिरावर आले की जबाबदारी, वस्तूवर चढले की आकार म्हणजे शुल्क, संशयितावर ठेवले की आरोप. बंदुकीत ठासलेली दारूही चार्जच, आणि वीज साठवण्याची भाषाही या दारूगोळ्याच्या शेजारचीच आहे: बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ मधील एका पत्रात काचेच्या अकरा तावदानांच्या, वीज साठवणाऱ्या आपल्या जोडणीला ‘बॅटरी’ म्हटले, आणि तो शब्द तोफखान्यातला होता.

गोंधळ होतो तो बातम्यांमध्ये. पोलीस न्यायालयात आरोपपत्र दाखल करतात, आरोप निश्चित मात्र न्यायालय करते. इंग्रजीतल्या एकाच शब्दामुळे हे दोन टप्पे एकच समजले जातात आणि मराठी वार्ताहरही तीच चूक उचलतात.

आपल्या ‘भारा’चा पसाराही काही कमी नाही. पदभार, अधिभार, भारनियमन ही सगळी त्याचीच मुले, आणि विज्ञानाच्या पुस्तकात विजेसाठी ‘प्रभार’. प्रभारी मुख्याध्यापक असताना मी आठवीला हा धडा शिकवत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग तुम्ही धनप्रभारी की ऋणप्रभारी?”