कडी, पाणी आणि कुलूप

मुलींच्या शिक्षणावरच्या लेखात म्हटलंय की शाळेत मुलींसाठी शौचालय बांधलं की मुलींची गळती, म्हणजे मधेच शाळा सोडणं, थांबते. अहो, बांधलेलं असतंच बऱ्याच ठिकाणी! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सक्तीची आहेत. मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात बरीच वर्षं शिकवलं. एका शाळेत मुलींचं शौचालय चकाचक फरशीचं, पण वर्षातले आठ महिने कुलूपबंद. पाणीच नाही. उन्हाळ्यात गावच टँकरवर, शाळेच्या टाकीत कोण ओतणार? पोरी सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत, म्हणजे जायलाच नको. पाळीच्या दिवसांत तर हजेरीपटावर ठरलेले खाडे.

शेवटी पाण्याची सोय झाली, कुलूप निघालं, तरी मुली जाईनात. सातवीतल्या एकीनं हळूच सांगितलं, "बाई, दाराला आतून कडी नाही." पन्नास रुपयांची कडी! एवढी वर्षं एकाही तपासणीत कुणाला दिसली नव्हती. (मलाही नाही, हे कबूल करते.)

राहिला सफाईचा प्रश्न. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेतून मिळणाऱ्या शाळा अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी असतात, पण वाडीवस्तीवरच्या शाळेचं अनुदानच एवढंसं, त्यात झाडूवाली बाई वर्षभर कशी ठेवायची? ग्रामपंचायतीनं हा खर्च उचलावा, असं माझं मत.