सोयऱ्यांची लाज बाळगण्याची योग्य रीत

घराण्याचा अभिमान बाळगायचाच असेल तर तो शास्त्रशुद्ध बाळगावा, आणि त्याची दीक्षा जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीतील मंडळींकडून घ्यावी. आरंभ बिंगली भगिनींपासून करा. प्रत्येकीच्या नावे वीस हजार पौंड आहेत आणि ते वडिलांच्या व्यापारातून आले आहेत. पण उत्तर इंग्लंडमधील प्रतिष्ठित घराणे तेवढे लक्षात ठेवावे आणि व्यापार विसरून जावा, हे त्यांना उत्तम साधले आहे. एवढी तयारी झाली की बेनेट मुलींचे मामा लंडनमध्ये चीपसाइडजवळ, स्वतःच्या गोदामांच्या नजरेच्या टप्प्यात राहतात, याबद्दल पोट धरून हसण्यास आपण पात्र ठरता. त्या मामांची थोरली भाची जेन आपल्याच घरी पाहुणी असून वरच्या खोलीत तापाने फणफणली आहे, याची अडचण मानू नये. हसून झाल्यावर मायेला नवे भरते आणून तिच्या उशाशी जाऊन बसावे. मात्र कॉफीचे बोलावणे येताच उठावे.

आपले वार्षिक उत्पन्न बिंगलींचा मित्र डार्सी याच्यासारखे दहा हजार पौंड असेल, तर मुलीला मागणी घालताना तिच्या नातेवाइकांचा हलकेपणा तिला सविस्तर समजावून सांगा. प्रेम किती अडथळे ओलांडून आले आहे, हे तिला एरवी कसे कळणार? स्वतःच्या मावशीचा विषय मात्र काढू नये. रोझिंग्ज या आपल्या वाड्याच्या दिवाणखान्यात याच मावशीने, लेडी कॅथरीनने, डार्सीने जिला मागणी घातली त्या एलिझाबेथला, म्हणजे जेनच्या पाठच्या बहिणीला, ऐकवले होते की पियानोचा सराव खुशाल लेकीच्या सोबतीणबाईंच्या खोलीत येऊन करावा, घराच्या त्या भागात कोणाला अडचण होणार नाही. ते ऐकून भाचा थोडा ओशाळला होता. पण ओशाळणे वेगळे आणि सोयरिकीचा हिशेब मांडताना ती बाब जमेस धरणे वेगळे.

उत्पन्न नसणाऱ्यांनी निराश होऊ नये, कारण पूर्वग्रहाला भांडवल लागत नाही. एलिझाबेथप्रमाणे आपण चतुर असलात तर काम अधिकच सोपे होते. विकहॅम हा देखणा तरुण सांगतो की थोरल्या डार्सींच्या आठवणीखातर मी त्यांच्या मुलाचे वाभाडे कधीच काढणार नाही, आणि त्याच बैठकीत ते सगळे काढून मोकळा होतो. आपण ही विसंगती पाहू नये, त्याचा चेहरा पाहावा. (माझ्या मते या रोगात हुशार माणूस मूर्खापेक्षा हट्टी रुग्ण असतो, कारण त्याला आपल्या मताची वाक्ये सुंदर सुचतात.)

पुढे एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया याच विकहॅमबरोबर पळून जाते. अशा प्रसंगी आप्ताने काय करावे, हे पाद्री कॉलिन्स दाखवतात. बेनेटांना मुलगा नसल्यामुळे त्यांची वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्नाची इस्टेट पुढे याच दूरच्या नातेवाइकाकडे जायची आहे. ते बेनेटांना सांत्वनपर पत्र लिहून कळवतात की याहून मुलगी मेली असती तर बरे झाले असते. शिवाय नोव्हेंबरात एलिझाबेथने आपल्याला नकार दिला ते उत्तमच झाले, नाहीतर या बदनामीत आपणही ओढले गेलो असतो. सांत्वनातही स्वतःची सुटका साजरी करण्याची ही हातोटी सरावानेच येते.

अखेरचा धडा पुन्हा मावशीबाईंचा. भाच्याचे लग्न मोडायचे असेल तर स्वतः बग्गीतून मुलीच्या दारी जा, तिच्या मामा-मावशांची लायकी काढा, ‘मी त्याच्याशी लग्न करणार नाही’ असे वचन मागा आणि ते मिळाले नाही की तडक भाच्याला गाठून तिचा हट्ट शब्दशः ऐकवा. एकदा नाकारला गेलेला भाचा त्यातून आशेचा नेमका धागा उचलतो आणि लग्न जमते. मग काही काळ रुसून बसावे. पुढे भाच्याच्या पेम्बर्ली या इस्टेटीची वनराई चीपसाइडच्या मामा-मामींच्या वारंवार येण्याने कितीही विटाळली असली, तरी भाचेसून कशी वागते हे पाहण्यासाठी तिथे जायला हरकत नाही.