खडी, फेविकॉल आणि बंद पंखा

मॉडेल रेल्वेचा छंद आहे म्हटलं की लोकांना वाटतं हा माणूस रोज संध्याकाळी मजेत बसून गाडी गोल गोल फिरवतो. फिरवतो ना, पण ते कधीतरी, पाहुणे आले की. बाकीचा वेळ तो टेबलाखाली आडवा होऊन वायरी शोधत असतो नाहीतर वर वाकून खडी चिकटवत असतो. वायरीचं परवडलं एक वेळ, लाइट गेला की कळतं तरी काहीतरी तुटलंय. खडी म्हणजे निव्वळ छळ आहे.

आणि गंमत अशी की मॉडेलमध्ये खडीचा काडीचा उपयोग नाही. खऱ्या रुळाखाली तिला ढीगभर कामं, गाडीचं वजन स्लीपरखालून, म्हणजे रुळाखालच्या आडव्या ठोकळ्यांखालून, सगळीकडे पसरवायचं, पावसाचं पाणी निचरू द्यायचं, उन्हानं रूळ वाढले की त्यांना बाजूला सरकू द्यायचं नाही. हे सगळं ती सुटी राहून करते बरं का, टोकदार दगड एकमेकांत अडकून बसतात बस्स, आणि सुटी आहे म्हणूनच रूळ दबला की मशीन आणून ती स्लीपरखाली परत ठोकून बसवता येते. आमच्याकडे सगळंच उलटं. अख्ख्या गाडीचं वजन किलो-दीड किलो, हॉलमध्ये पाऊस पडत नाही, रूळ प्लायवूडला खिळ्यांनी ठोकलेले, म्हणजे खडी नसेल तर गाडी उलट जास्त चांगली धावते. तरी टाकायची, आणि वर फेविकॉलनं चिकटवायची. कारण खडी नसलेला ट्रॅक खेळणं दिसतो, आणि रुळाला चष्मा टेकेपर्यंत वाकून बसलेल्या माणसाला आपण खेळण्याशी खेळतोय असं कुणी म्हटलेलं चालत नाही.

माझा लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली रेल्वे, हा बोरघाटाचा एक तुकडा, मंकी हिलच्या आसपासचा. कर्जतला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागायची आणि मग १ ला ३७ चा तो चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, ते बघत मोठं झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. स्केल १:८७, म्हणजे एचओ. आता रेल्वेची खडी असते साधारण ६५ मिलिमीटरची, तिला ८७ ने भागलं की येते पाऊण मिलिमीटर. म्हणजे जाडा रवा. विकत मिळते ही खडी, परदेशी पाकिटात, आणि त्यातली एक तर चक्क अक्रोडाच्या टरफलांचा चुरा असते, म्हणजे अक्रोड कुणीतरी खाल्ले आणि टरफलाचे पैसे आपण द्यायचे. शिवाय हलकी इतकी की गोंद पडला की तरंगायला लागते. म्हटलं, आपण दख्खनच्या पठारावर राहतो, बहुतेक महाराष्ट्र काळ्या दगडावर बसलाय, आपल्याला दगड विकत घ्यायची काय गरज? समोर बिल्डिंगचं काम चालू होतं, तिथून पिशवीभर कच, म्हणजे दगडाचा चुरा, आणली.

ती कच धुतली, गच्चीत वाळवली, चहाच्या गाळणीतून चाळली (ती गाळणी परत चहाला वापरायला आईनं साफ नकार दिला). आणि मग चुंबक. हे कुणी सांगत नाही पण महत्त्वाचं आहे, आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, आणि इंजिनाच्या मोटरमध्ये असतं चुंबक, त्यामुळे गाडी धावता धावता बारीक कण उचलते, ते जातात गिअरमध्ये आणि हजारो रुपयांचं इंजिन घाटात कण्हायला लागतं. म्हणून चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या कचेवरून फिरवायचं. फिरवलं की पिशवीला काळी दाढी येते. पिशवी उलटी करून झटकायची, परत फिरवायचं, परत दाढी. दाढी यायची थांबेस्तोवर अंधार झाला.

मग पसरायचं काम. चमच्यानं टाकायची, मऊ ब्रशनं सारायची, बोटानं रुळावर हलकी टिचकी मारायची की स्लीपरवर बसलेले दाणे खाली उतरतात. म्हणजे असं म्हणतात. माझ्याकडे ते स्लीपरवरून उठून रुळाच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात, जिथून चाकं जातात नेमकं तिथे. एक दाणा काढायला चिमटा घातला की शेजारचे चार हलतात. रेल्वेच्या हिशेबानं किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे माझ्या मापात मीटरला १४४, आणि प्रत्येक दोन स्लीपरमधली ती फट सारखी भरलेली दिसायला पाहिजे. आणि हे सगळं पंखा बंद ठेवून, मे महिन्यात. घाम रुळावर पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल बांधून बसलो होतो, तेवढ्यात मावशी लादी पुसायला आल्या, म्हणाल्या "अहो किती उकडतंय, असे काय बसलाय अंधारात" आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत पंखा पाचावर. सगळा घाट सोफ्यावर.

आईला माझी दया आली की सोफ्याची ते माहीत नाही, पण ती आली, म्हणाली "सरक". चमचा-ब्रश बाजूला ठेवला, चिमटीत कच घेतली आणि अंगठा पुढे सारत दोन स्लीपरच्या मधून अशी बारीक धार सोडत गेली की एक दाणा वर नाही. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढणारा हात तो. मी नुसता वाटी धरून बसलो.

गोंदाचं काम मात्र माझं. कोरड्या खडीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरत नाही, गोळा होऊन अंगाला खडी लावून घेतो आणि घरंगळत जातो, मागे खड्डा. म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, की पाणी पसरतं. आधी ते फवाऱ्यानं मारायचं, लांबून, धुक्यासारखं, पण फवाऱ्याच्या बाटलीचा पहिला दणका कधी धुक्याचा येत नाही, पिचकारीच येते. तो दणका बेसिनमध्ये मारून मग इकडे वळायचं. नंतर फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरनं थेंब थेंब सोडायचं. तो पांढरा थेंब दाण्यादाण्यातून आपोआप पुढे सरकत जातो, बघत राहावंसं वाटतं, ह्या सगळ्या प्रकारातला हा एवढाच सुखाचा भाग. मग पॉइंट येतो, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. तिथे हलणाऱ्या पात्यांजवळ खडी अगदी कमी आणि सांध्याला तेलाचं बोट, नाहीतर पॉइंट एकदा चिकटला की सगळ्या गाड्या कायमच्या बाजूच्या लूप लाइनला.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका आले. रेल्वेतून रिटायर्ड, आयुष्य रुळावर गेलेलं. चष्मा वर करून त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. माणूस चहाला येताना खिशात पट्टी का आणतो?

"शोल्डर किती ठेवलास?"

"शोल्डर?"

"स्लीपरच्या टोकापासून बाहेर खडी. साडेतीनशे मिलिमीटर पाहिजे."

मी म्हटलं काका, आपल्या मापात ते चार मिलिमीटर होतं. ते म्हणाले "मग चार दाखव". पट्टी लावली, तीन भरलं, एके ठिकाणी अडीच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता चार्जशीटच यायची. मग पट्टी दोन रुळांमध्ये घातली. "साडेसोळा. अरे, ही ब्रॉडगेज नाहीच! १६७६ ला ८७ ने भाग, सव्वाएकोणीस यायला पाहिजे." बरोबर आहे, बाजारात मिळणारा एचओचा रूळ परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचा असतो, आपण सगळे तिथे डोळे मिटतो. काकांना डोळे मिटायची सवय नाही.

"पण क्रिब मस्त भरलीये हां," ते स्लीपरच्या फटीत बोट फिरवत म्हणाले. "एकसारखी. कुणी भरली?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही? आमच्या गँगमध्ये पाहिजे होतात." मग जरा थांबून माझ्याकडे वळून, "पण घाटात लाइनी तीन आहेत. अप, डाउन, मिडल. मिडलवर खडी कुठेय?"

मी म्हटलं ती नंतर, पावसाळा झाल्यावर, पावसात फेविकॉल लवकर वाळत नाही.

"पावसाळ्याला अवकाश आहे," आई म्हणाली. पदर खोचला, पंख्याचं बटण स्वतःच बंद केलं. "भाऊजी, ही खडी सगळी काळीच असते का हो? मधे जरा लालसर घातलं तर उठून दिसेल."

"घालाच," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "उताराला ब्रेक लावून लावून लोखंडाची धूळ पडते, तांबूसच होते ती. घरात गेरू आहे का?"