प्रकाशित साहित्य : एक नोटीस

परवा माझा मजकूर पहिल्यांदा छापून आला. ए-फोर कागदावर, लॅमिनेशन करून, ऑफिसच्या फ्रिजच्या दारावर.

तीन आठवडे कुणीतरी दुसऱ्यांचे डबे फस्त करत होतं. ॲडमिनने दोन मेल पाठवल्या. चोराने त्या बहुधा जेवता जेवता वाचल्या. मग मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजरबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अरे, हा लिहितो ना! याला सांगा काहीतरी क्रिएटिव्ह करायला." 'हा लिहितो' हे त्यांनी 'हा झोपेत बडबडतो' या चालीवर सांगितलं. सगळे कौतुकाने हसले. मीही हसलो, याचा राग अजून आहे.

मी लिहितो म्हणजे सहा वर्षं एक कादंबरी लिहितोय. त्रेचाळीस पानं झालीत. त्यातली चाळीस पहिल्या वर्षातली.

नोटिशीला मात्र दोन संध्याकाळी दिल्या. सात खर्डे केले. शेवटी जमलं: 'प्रत्येक डब्याला एक मालक असतो आणि एक वाजता तो इथे येतो. दार उघडल्यावर त्याला दिसणाऱ्या रिकाम्या जागेचा विचार करा.' खरं सांगतो, गेल्या दोन वर्षांतलं माझं हे सर्वांत चांगलं गद्य होतं. एचआरने ते परत पाठवलं. 'रिकामी जागा' वाचून लोकांना वाटेल की कुणीतरी राजीनामा दिलाय. शिवाय सूर निगेटिव्ह आहे. छापून आलं ते असं: 'कृपया आपलाच डबा खावा.' पुढे हसरा चेहरा. खाली 'टीम ॲडमिन'.

त्या कागदासमोर अकाउंट्समधले काका उभे होते. चष्मा कपाळावर, हात मागे बांधलेले. इन्व्हॉइस वाचावं तसं त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तू लिहिलंस म्हणे?"

"मूळ मसुदा माझा होता, काका. तो वेगळा होता."

"'डबा खावा' चूक आहे. डबा स्टीलचा असतो. डब्यातलं खावं."

हे मला सुचायला हवं होतं. ते वाक्य माझं नव्हतं, तरीही सुचायला हवं होतं.

"बरं, ती तुझी कादंबरी. किती झाली?"

मी सांगितलं. काकांनी खिशातून पेन काढलं आणि हाताच्या तळव्यावर भागाकार केला. "वर्षाला सात पानं. आमच्यात याला 'कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस' म्हणतात, म्हणजे अजून बांधकाम चालू असलेली मालमत्ता. पूर्ण झालेलं नाही, म्हणून घसारा लावता येत नाही. पण इतकी वर्षं तेच पडून राहिलं की ऑडिटर विचारतो, हे खरंच उभं राहणार आहे, की आत्ताच किंमत कमी करायची?"

कुणी डिवचलं की मी मोठ्या लोकांची नावं घेतो. ही माझी जुनी खोड. म्हटलं, अँथनी ट्रोलोप नावाचा इंग्रज कादंबरीकार होता. १८३४ साली पोस्टात चिकटला, तेहतीस वर्षं नोकरी केली. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. मग ऑफिस. एकूण सत्तेचाळीस कादंबऱ्या.

"साडेपाचला उठायचा कसा?"

"जुना नोकर उठवायचा. त्याचे त्याला वर्षाला पाच पौंड जास्त द्यायचा."

"म्हणजे खर्च केला," काका म्हणाले. "तू काय खर्च केलास?"

मी एक महागडी वही घेतली होती. ते सांगितलं नाही.

"आणि पेन्शन?"

"सोडलं. १८६७ मध्ये, वय बसायच्या आधीच राजीनामा दिला." इथे आपण जिंकलो असं मला वाटलं. मग प्रामाणिकपणा नडला. "म्हणजे, पेन्शनइतकं उत्पन्न येईल एवढी रक्कम आधी साठवली होती."

काकांचा चेहरा उजळला. माझ्या तोंडून साहित्यातलं काही ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी याआधी पाहिला नव्हता. "याला म्हणतात लेखक!" ते म्हणाले आणि नाव पुन्हा विचारून तळव्यावर, भागाकाराच्या खाली, लिहून घेतलं.

मी काफ्का या लेखकाचंही सांगणार होतो, पण ते उदाहरण माझं मलाच झोंबतं. '१९०८ पासून विमा संस्थेत होता, तरी लिहिलंच ना?' हे मला आजवर किमान चौघांनी ऐकवलंय. त्याची नोकरी सकाळी आठ ते दुपारी दोन होती, हे एकानेही सांगितलं नाही. दोन वाजता! दोन वाजता आमच्याकडे दुसरी मीटिंग सुरू होते, पहिलीत काय ठरलं ते ठरवायला. संध्याकाळपर्यंत मी 'कृपया सोबतची फाइल पाहावी' आणि 'आपलं बोलणं झाल्याप्रमाणे' इतक्या वेळा लिहिलेलं असतं, की रात्री कादंबरीतली नायिकाही बोलणं झाल्याप्रमाणे दार उघडते.

दुसरीकडे 'सोड नोकरी, मनासारखं जग' सांगणारे. त्यांचे हप्ते कोण भरतं, हे मला एकदा विचारायचंय. आणि 'छान छंद जोपासलायस हं' म्हणणारे तर त्याहून वाईट. छंद! कुंडीतलं रोप आहे का ते?

हे सगळं मी काकांना ऐकवलं. जरा आवाज चढवूनच. कॉफी घ्यायला आलेल्या दोन मुली कॉफी न घेता परत गेल्या.

काका शांत होते. "तुला नोकरीचा त्रास नाही रे," ते म्हणाले. "उधारी बुडेल म्हणून आम्ही आधीच निधी बाजूला काढून ठेवतो ना, तशी आहे तुझी नोकरी. कादंबरी बुडाली की नोकरीच्या नावावर टाकायची. ताळेबंद जुळतो."

मग फ्रिज उघडून त्यांनी स्वतःचा डबा काढला, हलवून बघितला आणि गेले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. डबा होता. कुणी नेला नव्हता.

काल सकाळी पाहिलं तर नोटिशीवर लाल पेनाने 'डबा' खोडून 'डब्यातलं' केलंय. बाजूला काकांची छोटी सही आणि तारीख, खाडाखोड केल्यावर करतात तशी. म्हणजे माझ्या एकुलत्या एक छापील मजकुरावर आता एक सही आहे, आणि ती त्यांची.

ॲडमिनला नोटीस पसंत पडली. वॉशरूमसाठीही एक हवी आहे, शुक्रवारपर्यंत. "फार मोठं नको," असं बजावलंय.

चौथा खर्डा चालू आहे.