१२के म्हणजे उणे १२२
कोबोलच्या प्रोजेक्टवर लागलात? अभिनंदन. आता ‘इफ न्यूमेरिक’, म्हणजे फील्डमध्ये खरंच आकडे आहेत का ही तपासणी, लिहायच्या फंदात पडू नका. १९५९ साली समिती बसवून घडवलेल्या प्रोग्रामिंग भाषेवर संशय घेणं बरं दिसत नाही. फील्डला ‘पिक नाइन’ (इथे फक्त अंक) म्हटलंय ना, मग आत आकडेच असणार. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, हे माणसांचं. फील्डचं तसं नसतं.

आयबीएम मेनफ्रेमचं मन किती मोठं, ते बघा. तिथल्या एबसिडिकमध्ये, म्हणजे अक्षरं-अंक साठवायच्या सांकेतिक लिपीत, १ हा अंक एफ१ असा बसतो आणि स्पेस ४० अशी. बेरीज करताना मशीन बाइटचा उजवा अर्धा तेवढा अंक म्हणून उचलतं. त्यामुळे १, स्पेस, ३ असा माल आला तरी मुकाट्याने १०३ धरून पुढे जातं. त्याच फील्डची १०३शी तुलना केलीत तर जमेलच असं नाही. ते कंपायलरच्या मर्जीवर. पण तुलना करायचीच कशाला?

समजा, रकमेच्या रकान्यात कुणी बारा हजार अशा अर्थाने ‘१२के’ लिहिलं. फील्ड तीन अंकी, चिन्हासकट. इंग्रजी ‘के’ म्हणजे डी२. त्यातला डी म्हणजे उणे, २ म्हणजे २. झाले की उणे १२२! इथे ‘इफ न्यूमेरिक’ लावलंत तरी ते मान डोलावणार, कारण शेवटच्या अंकाच्या डोक्यावर चिन्ह बसवायची तिथली रीतच आहे. म्हणजे ज्याने तपासलं नाही, त्याची एक ओळ वाचली.

कॉम्प-थ्री, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक कोंबणारं फील्ड, तेवढं जरा तिरसट. रेकॉर्ड कोरं करायचं असेल तर सगळ्या फील्डांच्या अख्ख्या ग्रुपवर ‘मूव्ह स्पेसेस’ मारा, म्हणजे सगळीकडे स्पेस भरा. आकड्यांच्या फील्डमध्ये शून्य भरणारं ‘इनिशियलाइझ’ भित्र्यांनी वापरावं. तीन बाइटच्या फील्डमध्ये ४०४०४० जाऊन बसेल. शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा, तिथे शून्य. शून्य हे काही चिन्ह नव्हे, त्यामुळे पहिल्याच बेरजेला सॉक-सेव्हन, म्हणजे चुकीच्या आकड्यापायी प्रोग्राम जागीच बंद.

मग रात्री अडीचला फोन येईल, ‘बॅच पडली.’ तुम्ही झोपेतच म्हणायचं, ‘काल तर चालत होती.’ (हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता बायकोही झोपेत म्हणते.) पडलेलं रेकॉर्ड फाइलमधून काढा, जॉब पुन्हा सोडा आणि कूस बदला. उणे १२२वालं केव्हाच सुखरूप पुढे गेलेलं असेल.