तो लिंबूपाण्याचा मेसेज परत आलाय

परवा फॅमिली ग्रुपवर चौथ्यांदा तोच फॉरवर्ड. "स्वादुपिंडाचा कॅन्सर? साखर, भात, तूप बंद करा, कॅन्सर उपाशी मरतो. गरम लिंबूपाणी केमोपेक्षा 10,000 पट पॉवरफुल. सुई टोचली की गाठ पसरते. स्टीव्ह जॉब्स, पर्रीकर एवढा पैसा असून वाचले का?" काका मायेनेच पाठवतात, पण बाबांना हाच कॅन्सर झाला तेव्हा याच मेसेजवरून आमच्याकडे भांडणं झालीत म्हणून आज लिहितेच.

आधी ते उपाशी मारण्याचं. साखर नाही दिली तर शरीर स्नायू मोडून साखर बनवतं, गाठीला मिळायचं ते मिळतंच, वाळतो तो पेशंट. त्यात स्वादुपिंड म्हणजे पाचक रस बनवणारी ग्रंथी, तिची नळी तुंबली की खाल्लेलं अंगी लागत नाही. बाबा दोन वेळा नीट जेवायचे तरी पँट घसरायची, संडासात तेलाचा तवंग, फ्लश करून जायचा नाही, आणि आम्ही शहाण्यांनी त्यांचं तूप बंद केलं! डाएटिशियनने कपाळाला हात लावला. मग एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या, त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण झाल्यावर नाही, दुधाच्या चहाबरोबर बिस्किटं खाल्ली तरी घ्यायच्या. बाबांच्या खिशात डबी असायची, लग्नाच्या पंगतीत वरणभात कालवायच्या आधी ती बाहेर यायची. महिन्याभरात वजन घसरायचं थांबलं. शुगर वाढली, हो, तर त्याला इन्सुलिन दिलं, उपास नाही.

10,000 पट हा आकडा माणसांवरच्या कुठल्याच ट्रायलमधला नाही. लिंबूपाणी प्या की, तोंड आलं नसेल तर बरंही वाटतं. केमोचे आकडे मात्र आहेत. 2011 च्या ट्रायलमध्ये आजार पसरलेल्यांपैकी फोल्फिरिनॉक्सवरचे (चार औषधांची एकत्र केमो) निम्मे पेशंट 11.1 महिन्यांच्या पुढे जगले, नुसत्या जेमसिटाबिनवर (एकाच औषधाची केमो) 6.8. कमीच आहेत, मान्य, पण त्या चार महिन्यांत घरात काय काय होतं ते ज्याच्या घरात झालं त्याला विचारा. ऑपरेशन होऊ शकलेल्यांमध्ये नंतरच्या केमोत फरक अजून मोठा, 2018 च्या ट्रायलमध्ये थोड्या बदललेल्या फोल्फिरिनॉक्सवर 54 महिने, जेमसिटाबिनवर 35.

सुईने तपासणीचा तुकडा काढताना गाठ पसरण्याची शक्यता फार म्हणजे फार कमी, आणि ऑपरेशन होणार नसेल तर तुकडा तपासल्याशिवाय केमो सुरूच करत नाहीत. जॉब्सचा प्रकार वेगळा, हळू वाढणारा, ऑपरेशनने बरा होऊ शकणारा, हे तुकडा तपासूनच कळलं ना! आणि त्याने काय केलं, 2003 ला निदान होऊनही नऊ महिने ज्यूस आणि डाएट, म्हणजे काकांचाच मेसेज. ऑपरेशन 2004 ला. तरी 2011 पर्यंत होता. पर्रीकर तर जानेवारी 2019 मध्ये नाकात नळी घेऊन बजेट मांडत होते, मार्चमध्ये गेले.

जॉब्सला नावं ठेवायची आमचीही लायकी नाही म्हणा. बाबांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज, लघवी चहासारखी, पोटात दुखत काहीच नव्हतं, आणि आम्ही तीन आठवडे शेजारच्या गावात नेऊन कावीळ उतरवत बसलो. सोनोग्राफी चौथ्या आठवड्यात झाली.